सिकलसेल, डब्लिन आणि न विचारलेला प्रश्न

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्नीच्या गरोदरपणाची पहिली नोंदणी करण्यासाठी आम्ही डब्लिनमधील एका प्रसूती रुग्णालयात गेलो होतो. मिडवाइफ अगत्यशील होत्या. घरात कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया, असे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी आमच्या मूळ देशाविषयी विचारले. आम्ही ‘भारत’ असे सांगितले. त्यांनी एका चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला तेव्हा हिमोग्लोबिन ठीक, तांबड्या पेशींची संख्या ठीक, त्यांचा आकारही ठीक. भारतीय म्हटल्यावर थॅलेसेमियाची शंका घेतली जाते. पेशींचा आकार ठीक असल्यामुळे तीही मिटली आणि फाइल पुढे सरकली.

त्या अहवालातील एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही आमच्यापुढचा खरा प्रश्न त्यात कुठेच नव्हता, कारण तो कोणी विचारलाच नव्हता. यात रुग्णालयाचा दोष किती आणि आमचा किती, हे मी अजून मनाशी तोलतो आहे. ‘भारत’ऐवजी ‘नागपूर’ म्हटले असते तरी त्यांना त्यातून काही उमगले असते, असे नाही. आम्हाला मात्र उमगायला हवे होते.

प्रश्न सिकलसेलचा होता.

बातमी कळवण्यासाठी आईला फोन केला तेव्हा आनंदाच्या भरात तिच्या तोंडून एक वाक्य निघून गेले. “पोराची तब्येत तुझ्या मामावर नको जाऊ दे बापा.” मामा मी पाहिलेला नाही. एकोणिसाव्या वर्षी तो ‘संधिवाताने’ गेला, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक होते. खोदून विचारल्यावर आई सांगू लागली: हिवाळ्यात त्याचे हातपाय असह्य दुखत, डोळे पिवळे होत, कधी रक्त चढवावे लागे. ‘मेडिकल’मधल्या डॉक्टरांनी त्या दुखण्याचे नावही सांगितले होते. मग ते आम्हाला का सांगितले नाही? आई थोडा वेळ गप्प राहिली. “तुझ्या मावश्यांचे लग्न व्हायचे होते ना बाबू. अन् आताही कोणाले सांगू नोको. तुझी बहीण आहे अजून.”

मी संगणक अभियंता आहे. रक्तशास्त्राचा अभ्यासक नाही. पुढील मजकूर एका वाहकाने स्वतःच्या गरजेपोटी वाचून, डॉक्टरांना विचारून समजून घेतलेला आहे, आणि वाचकांनी तो तसाच वाचावा.

सिकलसेल हा आजार प्रयोगशाळेतच प्रथम ‘दिसला’. १९०४ च्या अखेरीस वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक तरुण शिकागोतील रुग्णालयात दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा बेटावरून तो दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी आला होता. म्हणजे आपल्यासारखाच शिक्षणासाठी समुद्र ओलांडलेला मुलगा. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल पेशींच्या गर्दीत काही पेशी लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. नोएल शिक्षण पूर्ण करून ग्रेनेडाला परतला, तिथे त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

पेशी वाकते का, याचे उत्तर मिळायला आणखी चार दशके लागली. लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन सरकवून दाखवले की, रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकते. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार आढळतात. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा भेद नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते. जवळपास दीडशे दुव्यांच्या साखळीतील हा एकच दुवा. परंतु ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ धागे होतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि त्या अडकण्याच्या जागी माणूस तळमळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. डोळे पिवळे का होतात आणि रक्त का चढवावे लागते, याचे उत्तर इथे आहे. मामाला संधिवात नव्हता.

ज्याला हे जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळाले तो ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त. ज्याला एकाकडूनच मिळाले तो ‘एएस’, म्हणजे वाहक. दोघे वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ‘चार मुलांपैकी एकाला होईल’ असा याचा अर्थ आपल्याकडे सर्रास लावला जातो आणि पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन सुरक्षित, अशी समजूत करून घेतली जाते. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्याने उडतात.

वाहकाला सामान्यतः काहीही होत नाही. त्याचे हिमोग्लोबिन ठीक असते, पेशींची संख्या ठीक असते, आकारही ठीक असतो. नेहमीची रक्तगणना शंभर वेळा केली तरी ‘एएस’ तिच्यात उमटणार नाही. आमच्या व्यवसायात नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते की, सगळ्या चाचण्या हिरव्या दिसल्या म्हणजे प्रणाली निर्दोष आहे असे नाही. ज्यांची चाचणी लिहिली तेवढे दोष त्या ठिकाणी नाहीत, इतकेच सिद्ध होते. हे मी दहा वर्षे कनिष्ठांना सांगत आलो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकताना मात्र मला त्याची आठवण झाली नाही.

वाहक शोधणारी तपासणी वेगळी मागावी लागते. विदर्भातील शिबिरांत बहुधा पहिली पायरी म्हणून विद्राव्यता चाचणी करतात. रक्ताचा थेंब विशिष्ट रसायनाच्या द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेषा आखलेला कागद धरायचा. रेषा स्पष्ट दिसल्या तर ठीक; द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगू शकत नाही. शिवाय सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असल्यामुळे ती फसते. म्हणून गढूळ नळीनंतर दुसरी पायरी आवश्यक असते: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एचपीएलसीचे यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचे प्रमाण टक्क्यांत देते. हल्लीच रक्त चढवलेले असेल तर तेही चकते, कारण त्यात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते. नळी गढूळ झाली म्हणून मुलाला ‘सिकलसेल आहे’ असे सांगून मोकळे होणारे आणि दुसरी पायरी न गाठताच घाबरून गेलेले अनेक जण आपल्या वस्त्यांत आहेत.

मी माझ्या जीपींकडे गेलो आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी हवी असे सांगितले. त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले की, नायजेरियन कुटुंबांसाठी आपण ही तपासणी नेहमी लिहितो, भारतीय माणसासाठी कधी लिहिल्याचे आठवत नाही. नऊ दिवसांनी कागद आला. हिमोग्लोबिन ए ५९ टक्के, हिमोग्लोबिन एस ३७ टक्के. मी वाहक होतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दोन पदव्या आणि तीन देशांतील वैद्यकीय तपासण्या झाल्यावर हे मला प्रथम कळले. त्याच दिवशी पत्नीचा नमुना पाठवला. तिचे माहेर भंडाऱ्याचे. पुढचे नऊ दिवस आम्ही दोघांनी कसे काढले, ते लिहिण्याची गरज नाही. तिचा अहवाल ‘एए’ आला.

तो वेगळा आला असता तर? वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस मोजला गेला असता. गर्भाचे निदान करणारी नाळेच्या ऊतीची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून होते, गर्भजलाची पंधराव्यानंतर. त्या निदानाचे पुढे काय करायचे हा ज्या-त्या दांपत्याचा निर्णय. पण निर्णयाला अवधी तरी हवा. हा अवधी वाचवण्यासाठी लागणारी तपासणी लग्नाआधी, फार तर गरोदरपणाआधी, रक्ताच्या एका नळीत होते.

आयर्लंडमधील डॉक्टरांना सिकलसेल अपरिचित आहे, असे कोणी समजू नये. डब्लिनमधील क्रमलिनच्या बालरुग्णालयात या मुलांवर उपचार होतात, मोठ्या माणसांवर सेंट जेम्स रुग्णालयात. प्रश्न आठवण होण्याचा आहे. प्रत्येक देशाच्या वैद्यकाला स्वतःच्या लोकांच्या रक्ताची एक स्मृती असते. आयरिश माणसाच्या रक्तात फेरिटिन वाढलेले दिसले की इथल्या जीपीला हिमोक्रोमॅटोसिस आठवतो, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार. इथे दर पाच माणसांमागे एक जण त्या जनुकाचा वाहक आहे आणि दर ८३ जणांमागे एकाला दोन्ही पालकांकडून ते मिळालेले असते. सिस्टिक फायब्रोसिसचा वाहक दर १९ जणांमागे एक; त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक इथे. म्हणूनच नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन करायच्या तपासणीत २०११ पासून त्या रोगाचा समावेश आहे. ही टाचेची तपासणी आयर्लंडने १९६६ मध्येच देशभर सुरू केली, जगात फार थोड्या देशांनी केली होती तेव्हा. आमची मुलगी चार दिवसांची असताना तिच्याही टाचेला सुई टोचली गेली. तो कागद डब्लिनच्या टेम्पल स्ट्रीट रुग्णालयातील प्रयोगशाळेत जातो.

इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत सर्वच नवजात बालकांची सिकलसेल तपासणी लागू झाली. इथली रीत जोखीम पाहून निवडक तपासणी करण्याची आहे, आणि जोखीम ठरवण्यासाठी समोरच्याने सांगावे लागते. ही तपासणी केवळ नाव देण्यासाठी नसते. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की, सिकलसेलग्रस्त लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. अट एकच: मूल आजारी पडण्याआधी ते सिकलसेलग्रस्त आहे हे ठाऊक हवे.

मग आपल्या रक्ताची स्मृती कोणाकडे आहे? ती आहे, आणि तिला पाऊणशे वर्षे होत आली. भारतात सिकल पेशींची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. त्यानंतर १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकल वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात महार समाजात हा दोष आढळल्याची नोंद होती. या सालापाशी मी थबकलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दीड वर्षही लोटले नव्हते, तोच त्यांच्या रक्ताविषयीचा हा शोध लंडनच्या नियतकालिकात पोहोचला. तो शोध आमच्या घरी पोहोचायला मात्र दोन पिढ्या लागल्या, आणि तोही फोनवरच्या निसटत्या वाक्यातून.

त्यानंतरच्या अनेक पाहण्यांत विदर्भातील आपल्या समाजात वाहकांचे प्रमाण दोन आकडी टक्क्यांत आढळले आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा आदिवासी जमातींत ते काही ठिकाणी २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. महाराष्ट्र शासनाच्या कार्यक्रमात वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड दिले जाते. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी अनेक वर्षे लढा दिला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. ते मुख्यतः आदिवासीबहुल भागांसाठी आखलेले आहे. त्यामुळे नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या शहरी बौद्ध वस्तीतून थेट डब्लिन किंवा कॉर्कच्या कंपनीत आलेला तरुण या चाळणीतून सहज निसटतो. त्याचे गाव त्या यादीत नसते आणि त्याचा देश इथल्या डॉक्टरच्या मनातल्या यादीत नसतो.

आता लपवण्याविषयी. आईला मी दोष देत नाही. वाहक मुलीचे स्थळ मोडल्याची उदाहरणे तिने पाहिली आहेत, आणि तिची भीती जगाच्या अनुभवाला धरूनच आहे. ग्रीसमधील ऑर्खोमेनोस या गावात १९७० च्या दशकात मोठ्या हेतूने सर्वांची सिकलसेल तपासणी झाली. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा वाहकांवर शिक्का बसल्याचे दिसले. अनेकांनी लग्नाच्या वेळी आपली स्थिती दडवली होती, आणि वाहक-वाहक विवाह काही घटले नव्हते. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत सिकल वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. प्रयोगशाळेचा कागद समाजाच्या हाती पडल्यावर त्याचे काय होईल, हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही.

परंतु आपल्याकडे या शिक्क्याला आणखी एक पदर आहे. सिकलसेलचे नाव घेतले की विदर्भात जात उघडी पडते. ‘हा त्या लोकांचा आजार’ हे वाक्य मी वसतिगृहात ऐकले आहे. मी तेव्हा गप्प बसलो, कारण उत्तर माहीत नव्हते. उत्तर असे आहे: हे जनुक टिकले ते मलेरियामुळे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, तिथे वाहक अधिक जगले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ, मध्य भारताचे जंगलपट्टे, सर्वत्र हीच गोष्ट. ते जनुक शुद्ध-अशुद्ध काही जाणत नाही. मात्र ते एका समाजात इतके दाटून का राहिले, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधाकडे वळावे लागते. जातीच्या आत लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा गाभा, असे त्यांनी तिथे मांडले होते. त्यांच्यापुढे समाजशास्त्राचा प्रश्न होता, रक्ताचा नव्हता. पण कुंपणाच्या आत फिरत राहिलेले जनुक पुन्हा-पुन्हा स्वतःलाच भेटते, हे त्या मांडणीतून आपोआप निघते. जे कुंपण आपण घातले नाही, त्याच्या परिणामाची लाज आपण का बाळगावी?

आंतरजातीय विवाह केला म्हणजे तपासणी टळली, असे मात्र नाही. सिकल वाहक आणि बीटा थॅलेसेमिया वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो, आणि सिंधी, पंजाबी, गुजराती अशा कित्येक समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. आपल्या गटातील दोन तरुण जोडपी या प्रकारची आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा दोन्ही ठिकाणी ‘आम्ही तर जातीबाहेर केले’ हेच पहिले उत्तर मिळाले.

आयरिश लोकांची याबाबतची मोकळीक मला हेवा वाटण्याजोगी वाटते. आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी दर तीन महिन्यांनी ‘माझे लोखंड काढून येतो’ असे सर्वांदेखत सांगून जातो. त्याला हिमोक्रोमॅटोसिस आहे. उपचार म्हणजे ठरावीक काळाने रक्त काढून घेणे. जेवणाच्या टेबलावर त्याने मला रॅथलिन बेटाची हकीकत सांगितली. तिथे २००६ मध्ये एका पबच्या मागे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची हाडे सापडली, ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी त्यातील जनुके वाचली, आणि एका माणसात हेच लोखंडाचे जनुक निघाले. ‘तो माझा आजोबा’ असे म्हणून तो हसला. आमच्याकडे एकोणिसाव्या वर्षी गेलेल्या मामाचे दुखणे त्याच्या भाच्याला सांगितले जात नाही.

याच देशाने प्रयोगशाळेच्या कागदाविषयी एक कडू धडाही घेतला आहे. व्हिकी फेलन यांच्या गर्भाशयमुखाच्या २०११ मधील नमुन्यात दोष नाही असा निर्वाळा दिला गेला होता. २०१४ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. जुना नमुना पुन्हा पाहिल्यावर पहिले वाचन चुकल्याचे आढळले होते, पण ते त्यांना २०१७ पर्यंत कोणी सांगितले नाही. २०१८ मध्ये त्या न्यायालयात गेल्या आणि गप्प राहण्याची अट त्यांनी नाकारली. त्यानंतर अशा दोनशेहून अधिक स्त्रिया पुढे आल्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फेलन गेल्या; पुढच्या वर्षी रुग्णाला उघडपणे माहिती देण्याचा कायदा झाला. चाळणी म्हणजे निदान नव्हे, आणि चाळणीतून काही निसटणारच, हे तज्ज्ञांनी तेव्हा वारंवार सांगितले. ते खरेच आहे. पण लोक चिडले ते निसटण्यापेक्षा दडवण्यामुळे. तो कागद आपला असतो. रुग्णालयाने तो दडवला तर आपण न्यायालयात जाऊ. आईने दडवला तर काय करावे?

मी बहिणीला फोन केला. आईला न सांगता केला, हे कबूल करतो. तिचे एका ठिकाणी बोलणे चालू होते. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “दादा, म्हणजे माझीही शक्यता निम्मी.” तिने आठवड्याभरात तपासणी करून घेतली. ती ‘एएस’ निघाली. मग तिने स्वतःच मुलाला फोन करून आपला अहवाल सांगितला आणि त्याचा मागितला. त्याच्याकडे नव्हता. तपासणीला तो तयार झाला, त्याचे वडील झाले नाहीत. बोलणे तिथेच थांबले. दोन महिने आई माझ्याशी धड बोलली नाही. त्या मुलाने पुढे घरच्यांना न विचारता तपासणी करून अहवाल बहिणीला पाठवला, तो ‘एए’ होता; पण तोवर बहिणीचे मन उडाले होते, आणि तेही मला समजू शकते.

इथे राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठी काही व्यवहाराचे. जीपींकडे गेल्यावर ‘रक्त तपासा’ असे म्हणू नका. ‘हिमोग्लोबिनोपथी स्क्रीन’ असे शब्द वापरा आणि आपण मध्य भारतातील ज्या भागातून आलो तिथे सिकलसेल आढळतो, हे स्पष्ट सांगा. जात सांगण्याची गरज नाही, जिल्हा पुरे. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत ते सांगा आणि पतीची तपासणीही त्याच आठवड्यात मागा. वाहक असाल तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना कळवा, अति उंचीवर किंवा पाण्यावाचून कठोर व्यायामात जपा. मधुमेह असलेल्या वाहकांनी एचबीए१सीच्या नमुन्यासोबत आपली स्थिती लिहून द्यायला सांगावे, कारण काही पद्धतींत यंत्राचे वाचन बिघडू शकते; सिकलसेलग्रस्तात तर त्या आकड्यावर विसंबताच येत नाही, कारण पेशी साखर चिकटण्याइतक्या जगतच नाहीत. अहवालाची प्रत मागून घ्या आणि ती भावंडांना पाठवा. माझ्या मुलीची तपासणी मी केलेली नाही. तिला आजार असणे शक्य नाही. ती वाहक आहे का, हे मोठी झाल्यावर तिने स्वतः ठरवून पाहावे. मामाचे नाव आणि त्याच्या दुखण्याचे नाव मात्र तिच्या जन्माच्या कागदांसोबत लिहून ठेवले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत नागपूरला गेलो तेव्हा आई आपणहून म्हणाली की तिलाही तपासायचे आहे. बहीण तिला घेऊन ‘मेडिकल’ला गेली. अपेक्षेप्रमाणे पिवळे कार्ड मिळाले. घरी आल्यावर ते हातात धरून ती कपाटापाशी उभी राहिली आणि तिने विचारले, “हे कुठं ठेवू?” बहिणीने तिच्या हातातून घेऊन ते रेशनकार्डाच्या पिशवीत टाकले.